खलाशांसह यॉट भाड्याने घेताना मागितली जाणारी ‘एपीए’ची रक्कम: हिशेब नेमका कसा असतो?

हिशेबनीस_पुणे

नमस्कार मंडळी.

वडिलांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्ही दहा जण, म्हणजे पुण्यातील दोन, ठाण्यातील एक आणि दुबईतील एक अशी चार कुटुंबे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्रोएशियाला जाण्याच्या विचारात आहोत. स्प्लिट येथून कॅप्टन, शेफ आणि खलाशांसह एक 32 मीटर लांबीची मोटर यॉट सात दिवसांसाठी घ्यायची, ह्वार, व्हिस, कोर्चुला आणि म्ल्येत ही बेटे पाहायची आणि पुन्हा स्प्लिटला उतरायचे, असा साधारण बेत आहे.

ब्रोकरने पाठवलेल्या कागदात आठवड्याचे भाडे 70,000 युरो, त्यावर 13 टक्के व्हॅट म्हणजे 9,100 युरो असे लिहिले आहे. इथपर्यंत सारे समजले. त्याखाली मात्र ‘एपीए 30 टक्के, 21,000 युरो’ अशी आणखी एक ओळ आहे. ॲडव्हान्स प्रोव्हिजनिंग अलाउन्स असे तिचे पूर्ण नाव असल्याचे ब्रोकरने कळवले, पण नाव कळले म्हणून अर्थ कळला असे झाले नाही. थोरले बंधू म्हणतात की ही अनामत आहे, काही मोडतोड झाली नाही तर पूर्ण परत मिळेल. मेव्हण्यांचे म्हणणे असे की हे आडवळणाने लावलेले भाडेच आहे आणि त्यातील एक युरोही परत येण्याची आशा धरू नये.

मी या चार कुटुंबांचा खजिनदार आहे. आयुष्यभर गणेशोत्सव मंडळाचे पावतीपुस्तक सांभाळलेले असल्यामुळे कोणती रक्कम कोणत्या रकान्यात लिहायची हे ठरल्याशिवाय वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नाही. ही रक्कम कशावर खर्च होते, तिच्यावर लक्ष कसे ठेवायचे आणि ती अपुरी पडली तर काय होते, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

बाणकोट_ते_स्प्लिट

तुमचे बंधू चुकले आहेत आणि मेव्हणेही. मी मूळचा बाणकोटचा. व्यापारी जहाजे सोडून गेली अकरा वर्षे भूमध्य आणि एड्रियाटिक समुद्रात चार्टरच्या, म्हणजे खलाशांसह भाड्याने दिल्या जाणाऱ्या, मोटर यॉटवर अधिकारी म्हणून काम करतो आहे, त्यामुळे हा हिशेब मी कॅप्टनच्या टेबलाच्या बाजूने पाहिलेला आहे.

घरच्या कार्यात आचारी ठरवताना आपण काय करतो ते आठवा. त्याची मजुरी आधी ठरते, आणि भाजी, किराणा, गॅस यांसाठी वेगळे पैसे त्याच्या हाती देतो. तो बाजार करतो, पावत्या आणतो, उरलेले परत करतो, कमी पडले तर आणखी मागतो. तुमचे 70,000 ही मजुरी आहे आणि 21,000 हे बाजारहाटाचे पैसे आहेत. ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तुमचेच असतात, फक्त कॅप्टनच्या ताब्यात असतात. अनामत ही वस्तूच निराळी आहे. काही यॉटवर मोडतोडीसाठी सुरक्षा ठेव घेतात, पण ती कागदावर स्वतंत्र ओळीत येते.

भाड्यात यॉट, तिचा विमा, तिची देखभाल, खलाशांचे पगार, गणवेश आणि खलाशांचे जेवण, चादरी-टॉवेल धुण्याचा आणि साफसफाईच्या सामानाचा खर्च येतो. एपीएमधून इंजिने, जनरेटर आणि छोट्या होडीचे, म्हणजे टेंडरचे इंधन, पाहुण्यांचे खाणेपिणे, मरीना (यॉट लावण्याचे खास धक्के) आणि बंदरांचे आकार, राष्ट्रीय उद्यानांची तिकिटे, तुमच्या अंगावरच्या कपड्यांची धुलाई, किनाऱ्यावरची टॅक्सी, फुले, उपग्रह फोन असे सर्व जाते. खलाशांचे जेवण तुमच्या खात्यावर पडता कामा नये. बहुतेक शेफ दुकानात दोन वेगळ्या ट्रॉल्या आणि दोन वेगळी बिले करतात, कारण अनुभवी पाहुणे नेमके तेच तपासतात.

आता मुख्य मुद्दा इंधनाचा. पाहुणे जेवणाच्या बिलावर वाद घालतात आणि इंधनाच्या आकड्याकडे बघतही नाहीत, हे मी दर मोसमात पाहतो, आणि खरे पैसे तिथेच जातात. आमची यॉट तुमच्याच मापाची आहे. दहा नॉटच्या, म्हणजे तासाला दहा सागरी मैलांच्या, वेगाने ती तासाला सुमारे 100 लिटर डिझेल पिते आणि बावीस नॉटला 500 लिटर. तुमचा आठवड्याचा प्रवास 200 सागरी मैल धरला, तर दहा नॉटने वीस तास लागतील आणि 2,000 लिटर जळेल. बावीस नॉटने नऊ तासांत पोहोचाल आणि साडेचार हजार लिटरच्या वर जळेल. लिटरला 1.60 युरो धरले तर एकीकडे 3,200 युरो आणि दुसरीकडे 7,200 युरोंहून अधिक. अकरा तास वाचवण्याची ही किंमत आहे, आणि ती द्यायची की नाही हे कॅप्टन ठरवत नाही, पाहुणे ठरवतात. ‘दुपारच्या जेवणाला व्हिसला पोहोचलेच पाहिजे’ असे कोणी सकाळी अकरा वाजता डेकवर येऊन सांगतो, तेव्हा तो निर्णय होऊन गेलेला असतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे जनरेटर. नांगर टाकून उभे असतानाही वातानुकूलन, स्वयंपाकघर, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आणि शीतगृह चालू असते. तासाला 15 लिटर धरले तरी चोवीस तास आणि सात दिवसांचे 2,520 लिटर होतात, म्हणजे चार हजार युरो. हळू चालणाऱ्या पाहुण्यांच्या हिशेबात कधीकधी इंजिनापेक्षा जनरेटरचा आकडा मोठा दिसतो आणि मग लोकांना वाटते की कॅप्टनने गफलत केली. मरीनात किनाऱ्याची वीज मिळते, तेव्हा जनरेटर बंद राहतो, पण विजेचे बिल मरीना वेगळे लावते.

30 टक्के हा आकडा यॉटच्या जातीवरून ठरतो. शिडाच्या यॉट आणि कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेल्या बोटी) यांना 20 ते 25 टक्के पुरतात, मोटर यॉटना 30 ते 35, आणि फार वेगाने धावणाऱ्या, जुन्या किंवा तहानलेल्या इंजिनांच्या बोटींना 40 पर्यंत मागतात. म्हणून ब्रोकरला एकच प्रश्न विचारा: या यॉटच्या मागील तीन-चार चार्टरमध्ये एपीए किती टक्के खर्च झाली? नावे गाळून हा आकडा द्यायला कोणाची हरकत नसते.

दहा_जणांची_मावशी

आम्ही मागच्या वर्षी जूनमध्ये याच पाण्यात होतो, त्यामुळे आमचा पूर्ण हिशेबच येथे मांडते. यॉट 30 मीटरची, भाडे 60,000 युरो आणि एपीए 18,000 युरो. आठवड्याअखेर खर्च झाले 16,870 आणि परत आले 1,130. त्यातील 4,960 इंजिनांचे डिझेल, 3,840 जनरेटरचे, 420 टेंडरचे पेट्रोल, 4,650 खाणेपिणे, 2,380 मरीना आणि बोयांचे (यॉट बांधून ठेवायचे तरंगते पिंप), 410 उद्यानांची तिकिटे आणि उरलेले 210 धुलाई, टॅक्सी असे किरकोळ. म्हणजे अर्ध्याहून अधिक पैसे नुसते जाळले. बाणकोटकर सांगतात ते शब्दशः खरे आहे, फक्त आम्हांला ते तिथे जाऊन कळले.

कॅप्टनने बुधवारी रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून आमच्यासमोर खाते ठेवले, तेव्हा अर्धा आठवडाही झालेला नव्हता आणि 11,000 युरो संपलेले होते. माझ्या यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नंतर समजले की आम्ही यॉटवर पाऊल ठेवण्यापूर्वीच साधारण 3,600 युरोंचे सामान भरलेले होते आणि पहिल्या तीन दिवसांत आम्ही दोन रात्री मरीनात काढल्या होत्या. पुढचे दिवस नांगरावर राहिलो, वेग उतरवला आणि आकडा आटोक्यात आला. हे खाते मध्येच पाहिले नसते, तर शेवटच्या दिवशी खिशातून भर घालावी लागली असती.

आता माझ्या फजितीची गोष्ट, कारण ती तुमच्या कामाची आहे. चार्टरच्या महिनाभर आधी एक आवडीनिवडींचा फॉर्म येतो. कोणाला काय चालते, कोणाला काय वर्ज्य आहे, कोणते पेय, कोणते फळ, असे सगळे त्यात विचारलेले असते. आमच्यात दोघे जैन होते, म्हणून कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे मी काळजीपूर्वक लिहिले आणि शेफने ते उत्तम सांभाळले. फळांच्या रकान्यात मात्र सहज ‘हापूस आंबा’ असे लिहून टाकले. आपण घरी लिहितो तसे. तिसऱ्या दिवशी न्याहारीला खरोखरच हापूस आला. सगळे खूश. हिशेबात तो दोन ओळींत होता: आंबे 96 युरो, आणि ते लंडनहून मागवण्याचा खर्च 140 युरो. पावती जोडलेली होती, कोणालाही दोष देण्यासारखे काही नव्हते. फॉर्म म्हणजे गप्पा नव्हेत, ती ऑर्डर असते, हे त्या 236 युरोंनी मला शिकवले. आता मी त्या फॉर्मवर ‘स्थानिक बाजारात मिळाल्यास’ हे शब्द प्रत्येक ओळीत लिहीन.

एक तक्रारही नोंदवते, यॉटचे नाव घेत नाही. अंतिम हिशेबात 640 युरोंचे डिझेल आमच्या चार्टरच्या आदल्या दिवसाच्या तारखेचे होते. ते यॉट आधीच्या बंदरातून स्प्लिटला आणताना जळलेले होते. करारात यॉट आणून देण्याचा खर्च आमच्यावर असल्याचे कुठेही लिहिलेले नव्हते. आम्ही पावतीवरची तारीख दाखवली, कॅप्टनने करार पाहिला आणि ती ओळ काढून टाकली. मी वर दिलेल्या 16,870 मध्ये ती धरलेली नाही. चूक असेल किंवा सवय असेल, पण तारीख वाचली नसती तर ते पैसे गेले होते.

किनाऱ्यावर_बरा

एवढा उपद्व्याप कशासाठी, हे मला समजत नाही. सर्व खर्च धरून एकच दर सांगणाऱ्या बोटी मिळतात. त्यांपैकी एक घ्यावी आणि निवांत बसावे. सुट्टीवर जाऊनही पावत्या तपासायच्या असतील, तर सोसायटीचे सचिवपद काय वाईट आहे?

बाणकोट_ते_स्प्लिट

किनाऱ्यावर_बरा यांचा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नाही, पण तो सगळीकडे लागू पडत नाही. कॅरिबियन समुद्रात, विशेषतः व्हर्जिन बेटांच्या आसपास, खलाशांसह मिळणाऱ्या कॅटामरान बऱ्याचदा सर्वसमावेशक दराने दिल्या जातात. जेवण, साधी पेये आणि ठरावीक इंधन दरातच येते. क्रोएशिया आणि तुर्कस्तानात गुलेत नावाच्या लाकडी बोटी मिळतात, त्यांच्या दरात सामान्यतः दिवसाला चार तासांचा प्रवास धरलेला असतो आणि जेवणाचे पॅकेज माणशी वेगळे असते. दहा जणांच्या कुटुंबाला, ज्यांना वेगाची घाई नाही, त्यांच्यासाठी गुलेत हा उत्तम पर्याय आहे आणि मीही तो सुचवला असता.

पण 30 मीटरच्या वरच्या मोटर यॉटवर एकच दर सांगायचा झाला, तर मालकाला सर्वांत उधळ्या पाहुण्याचा अंदाज धरून सांगावा लागेल. एक कुटुंब पाच दिवस एकाच खाडीत नांगर टाकून पोहते आणि दुसरे रोज शंभर मैल धावते. एकाचे बिल दुसऱ्याने भरू नये म्हणूनच खर्च वेगळा ठेवण्याची पद्धत आली. दोन कागदांची तुलना करताना मात्र हे ध्यानात ठेवा, कारण 70,000 ‘अधिक खर्च’ आणि 90,000 ‘सर्व धरून’ यांत दुसरा आकडा कधीकधी स्वस्त ठरतो.

करार पाहिला का? मोठ्या यॉटसाठी युरोपात बहुधा मायबाचा करार वापरतात. मायबा म्हणजे मायबाप नव्हे, तर 1984 मध्ये भूमध्य समुद्रातील यॉट ब्रोकरांनी स्थापन केलेली संघटना. या करारानुसार निम्मे भाडे सह्या करताना आणि उरलेले निम्मे एपीएसह साधारण महिनाभर आधी भरायचे असते. पैसे ब्रोकरच्या खात्यात राहतात आणि चार्टरच्या काही दिवस आधी एपीए कॅप्टनकडे जाते, म्हणजे त्याला सामान भरता येते.

चालू खर्चाच्या कलमात तुम्हांला उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी आहेत. कॅप्टनने अधूनमधून खर्चाची माहिती दिली पाहिजे. शिल्लक अपुरी वाटली तर तो आणखी रक्कम मागू शकतो आणि ती तुम्ही द्यायची असते. उतरण्यापूर्वी त्याने तपशीलवार हिशेब, शक्य तितक्या पावत्यांसह, तुमच्यापुढे ठेवला पाहिजे. ‘शक्य तितक्या’ हे शब्द मुद्दाम आहेत. व्हिसच्या धक्क्यावर मासे विकणाऱ्या म्हाताऱ्याकडून पहाटे पाच किलो मासळी घेतली, तर तो पावती देत नाही. तिथे शेफची हातची नोंद चालते. डिझेलच्या पंपावरची पावती मात्र असलीच पाहिजे. चढताना टाकीतील पातळी आणि इंजिनांचे तास लिहून घेण्यास सांगा, उतरताना पुन्हा पाहा. प्रत्येक जबाबदार कॅप्टन हे स्वतःहून करतो. न करणाऱ्याला आठवण करून दिल्याने तो रागावत नाही.

अपुरी पडल्यास काय, हेही तुम्ही विचारले होते. चेक किंवा क्रेडिट कार्ड सहसा स्वीकारत नाहीत, कारण यॉट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बंदरात असते आणि बुडालेल्या चेकच्या मागे धावायला कोणी मोकळे नसते. बँकेतून पैसे येण्यास दोन-तीन दिवस लागतात, म्हणून गुरुवारी कॅप्टनने मागितले तर गुरुवारीच पाठवा. शनिवारी सकाळी सामान बांधताना हा विषय निघू देऊ नका. आणि सप्टेंबरमध्ये बुरा किंवा युगो हा तिकडचा जोराचा वारा सुटला, तर नांगरावर राहता येत नाही, मरीनातच आसरा घ्यावा लागतो आणि तो खर्च टाळता येत नाही. एक-दोन रात्रींची सोय त्यासाठी मनात धरून ठेवा.

हिशेबनीस_पुणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आचाऱ्याचा दाखला मेव्हण्यांना तत्काळ पटला, कारण गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात त्यांनीच आचाऱ्याशी गुळाच्या पावतीवरून हुज्जत घातली होती.

आता दोन उपप्रश्न. खलाशांची बक्षिसी याच रकमेतून द्यायची असते का? आणि भारतातून इतकी रक्कम पाठवणे व उरलेली परत आणणे यांत काही अडचण येते का? कोणीतरी रोख युरो नेण्याचा सल्ला देत आहे.

ताळेबंद

रोखीचा सल्ला देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. मी सनदी लेखापाल आहे, यॉटवर कधी चढलेलो नाही, पण परदेशी पाठवलेल्या पैशांचे हिशेब रोज पाहतो.

निवासी भारतीय व्यक्तीस उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. ही मर्यादा माणशी आहे, त्यामुळे तुमच्या रकमेला ती आडवी येणार नाही. तरीही संपूर्ण रक्कम एकट्या खजिनदाराच्या खात्यातून न पाठवता प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा आपल्या खात्यातून थेट ब्रोकरच्या खात्यात पाठवावा, असे मी सुचवीन. एकतर बँक अर्जात कारण विचारते आणि दुसऱ्याच्या पैशांचे उत्तर तुम्हांला द्यावे लागते. शिवाय पाठवताना उगमस्थानी जो कर, टीसीएस, गोळा होतो, तो ज्याच्या पॅनवर गेला त्यालाच विवरणपत्रात मिळतो. चौघांचा कर एकट्याच्या नावावर गोळा झाला, तर नंतर नात्यात हिशेब करत बसावे लागते. या कराचे दर प्रवासाचे पॅकेज आहे की अन्य कारण यावर अवलंबून असतात आणि अर्थसंकल्पात बदलत राहतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात बँकेकडून लेखी विचारून घ्यावेत. तो बुडीत खर्च नव्हे, पण परतावा येईपर्यंत पैसे अडकतात, तेव्हा वर्गणी काढताना ही रक्कम जादा धरावी. दुबईचे कुटुंब अनिवासी असेल, तर त्यांना या योजनेशी काही कर्तव्य नाही. त्यांनी तिथूनच पाठवावे.

आता रोखीचे. भारतातून परदेशी जाताना एका प्रवासात माणशी 3,000 डॉलरइतक्याच परदेशी चलनाच्या नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर न्यावे लागते. युरोपीय संघात शिरताना किंवा बाहेर पडताना 10,000 युरो किंवा त्याहून अधिक रोख जवळ असेल, तर ती घोषित करणे बंधनकारक आहे. उरलेली एपीए कॅप्टनने रोख दिली आणि परतताना नोटांची किंमत 5,000 डॉलरच्या वर गेली, तर भारतीय विमानतळावरही घोषणापत्र भरावे लागते. हे सारे टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे शिल्लक बँकेतून परत पाठवण्याची अट आधीच लेखी घालणे. ज्या कुटुंबाने जितकी टक्केवारी भरली तितकी त्याच्या खात्यात परत यावी, हेही त्यातच लिहावे. न वापरलेले परकीय चलन 180 दिवसांत परत आणून बँकेत जमा करण्याचा नियम आहे, तेव्हा ‘पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी तिथेच राहू द्या’ असे ब्रोकरला सांगू नये.

बाणकोट_ते_स्प्लिट

बक्षिसी एपीएचा भाग नाही. मायबाच्या मार्गदर्शक सूचनेत भाड्याच्या 5 ते 15 टक्के असा पल्ला दिलेला आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत 3,500 ते 10,500 युरो. अमेरिकी पाहुण्यांच्या सवयीमुळे कॅरिबियनमध्ये 15 ते 20 टक्क्यांची अपेक्षा असते, ती येथे लावून घेऊ नका. ही रक्कम सक्तीची नाही, सेवा मनापासून आवडली तर द्यायची असते आणि ती शेवटच्या दिवशी कॅप्टनच्या हाती देतात. तो सर्व खलाशांत वाटतो, दिसत नसलेल्या इंजिनीअरलाही. एखाद्याच्या खिशात स्वतंत्रपणे नोटा कोंबू नका, त्याने खलाशांत वितुष्ट येते. मी एकदा एका पाहुण्याने फक्त शेफला दिलेले पाकीट सगळ्यांसमोर परत करताना शेफला पाहिले आहे.

उरलेली एपीए बक्षिसी म्हणून सोडून द्यायची असेल, तर तसे तुम्ही लिहून द्यावे लागते. कॅप्टनने ते स्वतःहून गृहीत धरू नये. ताळेबंद यांनी सांगितलेल्या नोटांच्या मर्यादेमुळे रोख देणे जड जात असेल, तर बक्षिसीची रक्कम आधी ब्रोकरच्या खात्यात ठेवता येते आणि चार्टर संपल्यावर तुमचा निरोप आला की तो ती सोडतो. निरोप आला नाही तर ती तुम्हांला परत मिळते. हे कराराबाहेर, पण लेखी ठरवा.

आणखी एक, कारण तुम्ही दहा जण आहात. करारावर सही करणारा एकच माणूस असतो आणि कॅप्टनच्या लेखी खर्चाचा शब्द त्याचाच. प्रत्यक्षात मात्र चारही कुटुंबांतील प्रत्येक जण खलाशांना काहीबाही सांगत असतो. एकाला जेट स्की हवी, दुसऱ्याला शॅम्पेन, मुलांना टेंडरमागे ट्यूबवर तासभर फिरायचे असते. पहिल्या संध्याकाळी कॅप्टनला बाजूला घेऊन सांगा की अमुक युरोंच्या वरचा कोणताही खर्च मला विचारल्याशिवाय करू नये. आमच्याकडे पाहुणे बहुधा 300 किंवा 500 ही रेघ ठरवतात. कॅप्टनलाही ते हवे असते, कारण मग तो मेव्हण्यांना ‘हिशेबनीसांना विचारतो’ असे हसून सांगू शकतो.

दहा_जणांची_मावशी

आणि न फोडलेल्या बाटल्या विसरू नका. त्या तुमच्या पैशांनी घेतलेल्या असतात. आमच्या सहा बाटल्या वाइन आणि तेलाचा एक डबा उरला होता. बाटल्या खलाशांना दिल्या, तेलाचा डबा मात्र मी सामानात घालून आणला.

हिशेबनीस_पुणे

रकाना ठरला. वहीत ‘भाडे’, ‘व्हॅट’ आणि ‘कॅप्टनकडे बाजारहाटासाठी’ असे तीन मथळे केले आहेत, आणि चौथा, बक्षिसीचा, पेन्सिलीने. ब्रोकरला आज मागील चार्टरचे टक्के, दहा नॉटला लागणारे लिटर आणि शिल्लक बँकेतून परत करण्याची अट असे तिन्ही प्रश्न पाठवले. वडिलांनी आवडीनिवडींच्या फॉर्मवर ‘बांगडा’ लिहिला होता, तो मी खोडून ‘स्थानिक मासळी’ केले आहे. अजून त्यांना सांगितलेले नाही.